पावसाळ्यात सादळलेली जुनी कार्डं: पुसायची की तशीच ठेवायची?

नारळी पौर्णिमेच्या आसपास मला दरवर्षी तेच फोन येतात. "काकू, अल्बम उघडला तर कार्डांवर पांढरं पांढरं काहीतरी धरलंय. ओल्या फडक्यानं पुसून घेऊ का?" पुसू नका. फडकं बाजूला ठेवा, अल्बम उघडाच राहू द्या आणि पुढचं वाचा.

मी ठाण्यात नौपाड्यात राहते. आमची इमारत जुनी, पश्चिमेकडच्या भिंतीला जूनपासून सप्टेंबरपर्यंत ओल असतेच. चित्र पोस्टकार्डं, सिगारेटच्या पाकिटांतून मिळणारी क्रिकेटपटूंची कार्डं, नव्वदच्या दशकातली डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पैलवानांची ट्रम्प कार्डं आणि सावंतवाडीच्या गंजिफाचा, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा, एक अपुरा संच असं सगळं माझ्याकडे आहे. बावीस वर्षं मी ते याच हवेत सांभाळते आहे. घरची, नात्यातली आणि ऐरोली-वाशीपासून घोडबंदरपर्यंतच्या ओळखीपाळखीतली कार्डं धरली तर हीच तक्रार मी कितीतरी वेळा निस्तरली आहे. बहुतेक वेळा कार्डाला काही करावंच लागलं नाही. जे करावं लागलं ते कपाटाला.

लक्षणं

तुमच्याकडे खालीलपैकी काय दिसतंय ते आधी बघा. दोन-तीन गोष्टी एकदम दिसणं नेहमीचंच आहे.

- अल्बम किंवा डबा उघडताच कुबट वास येतो.
- कार्ड हातात घेतल्यावर मऊ, सादळलेल्या पापडासारखं लागतं. कडा वर उचलल्या जातात किंवा कार्ड मधोमध कमानीसारखं वाकतं.
- पांढरट, राखाडी किंवा हिरवट भुरा. कधी नुसत्या बारीक ठिपक्यांची रांगोळी.
- कागदाच्या आतूनच उमटल्यासारखे तपकिरी डाग. बोटाला काही लागत नाही, पण डाग दिसतो.
- कार्ड प्लास्टिकच्या खिशाला चिकटलंय, ओढलं तर चर्र आवाज येतो.
- पृष्ठभाग ठिकठिकाणी खरवडल्यासारखा, कडा कुरतडलेल्या.

यातली पहिली पाच लक्षणं बहुतेक वेळा एकाच कारणाची असतात, ते म्हणजे दमट हवा. सहावं लक्षण किड्यांचं. पण कसर नावाचा तो चंदेरी किडासुद्धा दमट जागीच रमतो, म्हणजे मूळ पुन्हा तेच.

पैसा न लागणारी तपासणी: कार्ड कुठे ठेवलं होतं?

अल्बम जिथून काढला त्या जागी हात घालून बघा. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं आहे का? पलीकडे न्हाणीघर आहे का? लोखंडी कपाटाचा मागचा पत्रा गार लागतो का? भिंत गार असली की कपाटातल्या हवेतला बाष्पांश त्या बाजूला गोळा होतो. बाहेरून कपाट कोरडं ठणठणीत दिसतं, पण आतल्या मागच्या कोपऱ्यात ओल धरते. मी बघितलेल्या घरांपैकी निम्म्याहून अधिक घरांत बाधा झालेली कार्डं कपाटाच्या मागच्या बाजूलाच होती. त्याच अल्बमची पुढची पानं स्वच्छ.

ही तपासणी आधी करायची कारण अशी की कार्ड साफ करून त्याच जागी परत ठेवलं तर तीन आठवड्यांत भुरा परत येतो. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, ते कोणालाच संपवता येत नाहीत. ते रुजायला ओल लागते आणि तेवढीच आपल्या हातात आहे. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, तळाच्या फळीवर काही ठेवू नका, माळ्यावर तर नकोच. माळा उन्हाळ्यात तापतो आणि पावसाळ्यात दमट होतो. दर वर्षीच्या या चढउताराने कार्डाचे थर एकमेकांपासून सुटायला लागतात.

तीन-चारशे रुपयांची तपासणी: हवेत ओल किती?

डिजिटल हायग्रोमीटर घ्या. काडेपेटीएवढं यंत्र असतं, ते कपाटाच्या आत ठेवा. खोलीत ठेवून उपयोग नाही. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ आकडा लिहून काढा. ४५ ते ५५ टक्के असेल तर उत्तम. ६५च्या वर सलग राहत असेल तर बुरशी धरण्याची वेळ जवळ आली असं समजा आणि ७०च्या वर गेला की ती धरणारच. आमच्याकडे जुलैत उघड्या खोलीत ८५ दिसतं, खाडीकाठच्या घरांत त्याहून अधिक.

एसी दिवसातून चार तास लावला की झालं, असं अनेकांना वाटतं. उलट होतं. चार तास कोरडं, मग वीस तास दमट. कागद ओल शोषतो तेव्हा फुगतो, सोडतो तेव्हा आकसतो. कार्डाची पुढची गुळगुळीत, लेप दिलेली बाजू आणि मागची उघड्या कागदाची बाजू सारख्या प्रमाणात फुगत नाहीत, म्हणून कार्ड वाकतं. वाकणं हा कार्डाचा दोष नाही, ते हवेचं माप दाखवतंय. खोलीपेक्षा घट्ट झाकणाचा डबा सांभाळणं सोपं आणि स्वस्त.

खिसे तपासा

चिकटलेल्या कार्डांच्या तक्रारीत गुन्हेगार बहुधा अल्बमचा खिसाच असतो. ऐंशी-नव्वदच्या दशकातले मऊ, लवचिक, नव्या रेनकोटसारखा वास येणारे खिसे पीव्हीसीचे असतात. त्यांना मऊपणा यावा म्हणून घातलेलं द्रव्य वर्षानुवर्षं बाहेर झिरपत राहतं, आतला पृष्ठभाग चिकट होतो आणि कार्डावरची शाई प्लास्टिकवर उतरते. ओल असो वा नसो, हे होतच राहतं.

शंका असेल तर खिशाचा नखाएवढा तुकडा कापा. पेलाभर पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून तो तुकडा बुडवा आणि सोडा. पॉलीप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं, वर येतं. पीव्हीसी तळाशी जातं. पॉलिएस्टरही बुडतं, पण ते कडक, काचेसारखं नितळ आणि महाग असतं. कोणी तुम्हाला नकळत ते दिलेलं नसणार. बुडालेला तुकडा मऊ आणि वासाचा असेल तर सगळे खिसे बदला. कार्ड सहज सरकत असेल तरच काढा. चिकटलं असेल तर खिसा कडेने कात्रीने कापून उघडा आणि प्लास्टिक कार्डावरून अगदी सपाट मागे दुमडत, बोटभर बोटभर सोलत न्या. कार्ड प्लास्टिकपासून ओढायचं नसतं, प्लास्टिक कार्डापासून काढायचं असतं. जरा जरी शाई उचलली जाते आहे असं वाटलं तर तिथेच थांबा. कापलेल्या खिशासकट कार्ड बाजूला ठेवा. ते काम आता घरचं नाही.

टॉर्च आणि भिंग

ही तपासणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून इथे वेळ घ्या. खोलीत अंधार करा. कार्ड काळ्या कागदावर ठेवा. मोबाइलचा टॉर्च कार्डाच्या कडेला टेकवून प्रकाश पृष्ठभागावरून घसरत जाईल असा धरा आणि भिंगातून बघा. वरून पाडलेल्या उजेडात जे सगळं नुसतं "डाग" दिसतं, ते तिरप्या उजेडात वेगवेगळं होतं.

कापसाच्या तंतूंसारखं काही उभं राहिलेलं दिसलं तर ती बुरशी. कार्डाला हात न लावता कोरड्या ब्रशच्या टोकाने एका कोपऱ्यात स्पर्श करा. ते पसरलं, चिकट वाटलं तर बुरशी जिवंत आहे. पिठासारखं उडालं तर निजलेली आहे. जिवंत बुरशीला ब्रश लावायचा नाही, कारण ती कागदात घासली जाते. आधी तिला वाळवायचं.

काहीच उभं नाही, पृष्ठभाग सपाट आणि रंग मात्र तपकिरी: हे कागदाच्या आतले डाग. कागदातले लोहाचे सूक्ष्म कण, जुनी बुरशी, किंवा दोन्ही मिळून ते होतात. ते वर नाहीत, म्हणून पुसून जात नाहीत. ब्लीच किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडने डाग फिका करता येतो, पण त्याबरोबर कागदाचे तंतू कमजोर होतात आणि चित्राचा रंगही जातो. हे डाग मी माझ्या एकाही कार्डावरून काढलेले नाहीत.

जुन्या फोटो पोस्टकार्डाच्या गडद भागात, विशेषतः कडांना, आरशासारखी निळसर चकाकी दिसली तर तीही मळ नव्हे. फोटोतली चांदीच वर आलेली असते. ती घासली म्हणजे फोटोच घासला.

बारीक गोल भोकं आणि त्यांच्याजवळ ताजी भुकटी असेल तर कीड आत आहे. ते कार्ड ताबडतोब झिपच्या पिशवीत बंद करून बाकीच्यांपासून दूर न्या. डीप फ्रीजरमध्ये उणे २० अंशांवर दोन आठवडे ठेवल्यास कीड मरते. घरच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा तेवढा थंड राहीलच असं नाही. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडू नका, म्हणजे दव पिशवीच्या बाहेर धरेल, कार्डावर नाही. गंजिफाला मात्र हा उपाय करू नका.

कार्ड कोणत्या जातीचं आहे?

इथे चूक झाली की ती भरून येत नाही. "कार्ड" हा एकच शब्द असला तरी त्यामागची वस्तू फार वेगवेगळी असते.

छापील चित्र पोस्टकार्डं, मग ती रवि वर्मा छापखान्याच्या देवदेवतांची असोत की मुंबईच्या रस्त्यांची, बहुधा कागदावर खडूसारख्या मातीचा पातळ लेप देऊन छापलेली असतात. तो लेप पाण्याने सुटतो. शाई टिकते, पण तिच्या खालची जमीनच निघून जाते. मागच्या बाजूची हस्ताक्षरं तर त्याहून हळवी.

माझ्या आजोबांनी काशीहून आजीला पाठवलेलं घाटाचं एक कार्ड होतं. पाठीमागे राखाडी पेन्सिलीने लिहिलेला खरकर आळीचा पत्ता आणि तीन ओळी. मला वाटलं, पेन्सिल तर आहे, पाण्याने काय होणार? पत्त्याशेजारी चहाचा एक जुना शिंतोडा होता, तो काढायला मी कापसाचा बोळा ओला करून अलगद टेकवला. ती साधी पेन्सिल नव्हती, कॉपिंग पेन्सिल होती. तिच्यात रंगद्रव्य असतं आणि पाणी लागलं की ते जांभळं होऊन सुटतं. माझ्या डोळ्यांदेखत "ठाणें" या शब्दाच्या अनुस्वारापासून जांभळा डाग फुलत गेला आणि तो वरच्या ओळीतल्या आजीच्या नावापर्यंत पोहोचला. टिपकागद दाबला, तर त्यावर आजोबांची अक्षरं उलटी उमटली. चहाचा शिंतोडा अजूनही तिथेच आहे. त्या दिवसापासून कोणत्याही हस्तलिखित बाजूला मी ओलावा लावलेला नाही आणि कोणाला लावू देत नाही.

सिगारेटच्या कार्डांतही एक पोटजात आहे. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधल्या काही कंपन्यांनी, जॉन प्लेयरने विशेषतः, मागे डिंक लावलेली कार्डं काढली. मुलांनी ओलं करून अल्बममध्ये चिकटवावीत म्हणून. १९४०मध्ये युद्धाच्या कागदटंचाईत ही कार्डं बंद झाली, पण तो डिंक अजून जागा आहे. ऐरोलीचा एक मुलगा माझ्याकडे त्याच्या आजोबांचा १९३८चा क्रिकेटपटूंचा संच घेऊन आला. पन्नास कार्डांची गड्डी ठाण्याच्या हवेत विटेसारखी एकसंध झाली होती. त्याला चाकूचं पातं घालायचं होतं. मी गड्डी सिलिका जेलच्या डब्यात ठेवली आणि तीन आठवडे हात लावला नाही. डिंक वाळून ठिसूळ झाला, गड्डी हलकेच वाकवल्यावर एकतीस कार्डं आपोआप सुटली. उरलेली एकोणीस आम्ही तशीच ठेवली. तो अजून संवर्धकाकडे जाण्यासाठी पैसे साठवतो आहे आणि मला त्याचं फार कौतुक वाटतं.

नव्वदच्या दशकातली ट्रम्प कार्डं वरून चकचकीत, पण त्यांची कापलेली कड उघडी असते. ओल तिथून शिरते आणि थर फुटतात. वरची चकाकी खोडरबरने एका फटक्यात मरते.

गंजिफा तर वेगळंच प्रकरण. दशावतारी संचात दहा अवतारांची प्रत्येकी बारा, म्हणजे १२० गोल पानं असतात. हाताने रंगवलेली आणि वरून लाखेचा लेप दिलेली. लाख मद्यार्कात विरघळते. सॅनिटायझर म्हणजे बराचसा मद्यार्कच. २०२० साली नात्यातल्या एका घरी काळजीपोटी मत्स्याची बारा पानं सॅनिटायझरने पुसली गेली. लाख पांढुरकी आणि चिकट झाली, माशाचा रंग कापसावर आला. पुसणाऱ्या वहिनी आजही ती गोष्ट निघाली की गप्प होतात. त्यांचा दोष नाही, त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी इथे सांगते आहे.

आता हात लावायचा: आधी वाळवणं

इथवरचं सगळं झालं असेल आणि कार्ड सादळलेलं किंवा बुरशीचं असेल, तर पहिलं काम वाळवण्याचं. उन्हात नाही. ऊन रंग खातं आणि एका बाजूने तापवून कार्ड अधिक वाकवतं. केसांचा ड्रायर नाही, इस्त्री तर मुळीच नाही.

घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या. दहा लिटरच्या डब्यात मी शंभर ग्रॅम नारिंगी सिलिका जेल कापडी पुरचुंडीत ठेवते. निळं घेऊ नका, त्याचा रंग कोबाल्टच्या विषारी क्षारामुळे येतो. कार्डं जाळीच्या ट्रेवर सुटी सुटी, जेलचा स्पर्श होणार नाही अशी ठेवा. सोबत हायग्रोमीटर. आकडा ४५ ते ५० वर आला की जेल कमी करा. फार कोरडं झालं तर गंजिफाची लाख तडकते आणि जुना कागद ठिसूळ होतो. नारिंगी मणी हिरवट पडले की ते ओल पिऊन तृप्त झाले. ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांवर दोन-तीन तास तापवले की पुन्हा नारिंगी होतात. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर मंद आंचेवर हलवत राहिलं तरी चालतं.

तीन-चार दिवसांत बहुतेक कार्डं स्वतःच सरळ व्हायला लागतात. उरलेल्यांना टिपकागदाच्या दोन तावांमध्ये ठेवून वर काच आणि काचेवर दोन जाड शब्दकोश, दहा-बारा दिवस. छापील वर्तमानपत्राचा कागद वापरू नका, त्याची शाई उमटते. दाब वाळल्यानंतरच द्यायचा. ओलसर कार्ड दाबलं तर बुरशीला हवाबंद खोली मिळते आणि चकचकीत बाजू टिपकागदाला चिकटते. फोटो पोस्टकार्डं आणि गंजिफा दाबू नका.

मग ब्रश

वाळलेली, पिठासारखी झालेली बुरशी मऊ ब्रशने निघते. बकरीच्या केसांचा रुंद ब्रश चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात मिळतो. काम गॅलरीत करा, घरात नाही. एन-९५ मास्क लावा. दमा असलेल्या माणसाने हे काम करूच नये. कार्ड तिरपं धरा आणि मधून कडेकडे, एकाच दिशेने, भिंतीवरचं जळमट काढावं तितक्या हलक्या हाताने ब्रश फिरवा. गोल गोल नाही. नंतर ब्रश धुऊन वाळवा, खालचा कागद गुंडाळून बाहेर टाका.

भुरा गेला तरी खाली पिवळट सावली राहू शकते. बुरशीचा रंग तंतूंत उतरलेला असतो. तो राहू द्या.

पाठीची कोरी, लेप नसलेली बाजू धुळीने काळवंडली असेल तर पांढरं मऊ खोडरबर किसणीवर किसा, तो चुरा कार्डावर पसरा आणि बोटाच्या पेराने अगदी अलगद फिरवून ब्रशने झटका. नखाएवढ्या कोपऱ्यात आधी करून बघा, टॉर्चखाली चकाकीत फरक पडला तर तिथेच सोडा. अक्षरं, शिक्का, तिकीट, पोस्टाची मोहोर यांच्यापासून अर्धा इंच दूर. चित्राच्या बाजूला हे करत नाही. घरी मी याच्या पुढे कधीच जात नाही.

साफ करायचं की नाही, हा खरा प्रश्न

कार्ड विकायचं किंवा ग्रेडिंगला पाठवायचं असेल तर त्याहून आधी हात आखडा. पीएसएसारख्या परदेशी ग्रेडिंग कंपन्या कार्डाला १ ते १० असा दर्जा देतात. पण कड छाटलेली, रंग भरलेला, दुरुस्ती केलेली किंवा रसायनाने साफ केलेली दिसली तर असा आकडा देत नाहीत. मळकं पण अस्सल कार्ड ३ किंवा ४ मिळवतं आणि त्या आकड्याला बाजारात मान असतो. धुतलेल्या कार्डाला तो आकडाच मिळत नाही.

यातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण होनस वॅग्नर या बेसबॉलपटूच्या टी-२०६ कार्डाचं. हे १९०९ ते १९११ या काळातलं तंबाखूचं कार्ड. त्यातलं एक, कडा कमालीच्या सुबक असलेलं, १९९१मध्ये ४ लाख ५१ हजार डॉलरना विकलं गेलं. त्याला ८चा दर्जा मिळाला आणि २००७मध्ये त्याची किंमत २८ लाख डॉलरवर गेली. २०१३मध्ये त्या कार्डाच्या आधीच्या व्यवहारात असलेल्या लिलावदाराने अमेरिकन न्यायालयात कबूल केलं की त्याच्या कडा आपणच छाटल्या होत्या. एवढं प्रसिद्ध कार्ड असल्यामुळे त्याची किंमत टिकली. तुमच्या-माझ्या कार्डाची टिकणार नाही. मऊ पडलेला कोपरा कात्रीने "नीट" करायचा मोह झाला तर कात्री दुसऱ्या खोलीत ठेवून या.

आणि जे काही केलंत ते विकताना सांगा. वाळवलं, ब्रश फिरवला, मागे खोडरबर वापरलं, एवढंसं असलं तरी सांगा. कार्ड एका पाकिटात घालून पाकिटावर तारखेसकट लिहून ठेवायची मला सवय आहे. कार्डावर काही लिहायचं नाही.

कार्ड घरचं असेल, विकायचंच नसेल, तरी माझं मत तेच. मळ हानी करत नसेल तर तो मळ राहू द्या. जिवंत बुरशी, पीव्हीसीचा चिकटपणा, कीड आणि भुरभुरणारी धूळ या चार गोष्टी हानी वाढवत नेतात, त्यांच्यावर उपाय करा. जुने डाग, दुमडल्याची रेघ हे सहसा वाढत नाहीत.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

खालीलपैकी एकही गोष्ट असेल तर घरी प्रयोग करू नका.

- पुराचं, गळतीचं पाणी थेट कार्डांवर आलंय आणि ती ओली चिंब आहेत. एकमेकांपासून ओढू नका, गठ्ठा तसाच ठेवा आणि त्याच दिवशी फोन करा. ओल्या कागदावर दोन-तीन दिवसांत बुरशी धरते.
- चित्राची बाजू प्लास्टिकला इतकी चिकटली आहे की सोलताना शाई उचलली जाते, किंवा ती दुसऱ्या कार्डाला चिकटली आहे.
- रंगाचे टवके उडतायत, थर सुटलेत.
- जुनी सेलोटेप लावली आहे. तिचा डिंक पिवळा होऊन कागदात मुरतो. तो काढायला नेमकी द्रावणं लागतात. नखाने टेप उचलली तर कागदाचा पापुद्रा बरोबर येतो.
- कार्ड लॅमिनेट केलेलं आहे. हे शक्यतो कोणालाच नीट परत करता येत नाही, पण मत तरी घ्या.
- फोटो पोस्टकार्ड, हाताने रंगवलेलं कार्ड, गंजिफा यांवर जिवंत बुरशी आहे.
- कार्डाची किंमत तुमच्या महिन्याच्या पगाराच्या वर आहे, किंवा आजीचं ते एकच आहे.

जाणकार म्हणजे कागदाचा संवर्धक. फ्रेमवाले, फोटो स्टुडिओवाले, बायंडर आपापल्या कामात वाकबगार असतात, पण हे काम त्यांचं नव्हे. दोन वर्षांपूर्वी ओळखीच्या एका गृहस्थांनी दहा पोस्टकार्डं एका दुकानात "साफ करून" घेतली. ती पांढरीशुभ्र होऊन आली आणि वर्षाच्या आत दुमडल्याजागी तुटायला लागली. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंचं संवर्धन केंद्र आहे, विचारपूस तिथून सुरू करावी. संवर्धकाला तीन प्रश्न विचारा: तुम्ही जे कराल ते पुढे कोणाला उलटवता येईल का, आधी कोपऱ्यात चाचणी कराल का, आणि आधीचे-नंतरचे फोटो लावून लेखी अहवाल द्याल का. जो नीट उत्तर देईल आणि कधी कधी "याला हात लावू नका" असंही म्हणेल, त्याच्याकडे कार्ड सोपवा.

परत ठेवताना

पॉलीप्रॉपिलीनचे खिसे, एका खिशात एकच कार्ड. पाठीला पाठ लावून दोन कोंबायची नाहीत. डांबरगोळ्या नकोत. त्यांची वाफ काही प्लास्टिकं मऊ करते, कार्डावर स्फटिक धरते आणि आपल्या श्वासालाही वाईट. आमच्याकडे वेखंडाची पुरचुंडी असते, कार्डाला न टेकता, डब्याच्या कोपऱ्यात. कसर तिला टाळते असा घरचा अनुभव आहे. तरी खरी राखण हायग्रोमीटरचीच. जून ते ऑक्टोबर दर पंधरा दिवसांनी डबा कोरड्या दुपारी दहा मिनिटं उघडा, आकडा बघा, वास घ्या. पाऊस चालू असताना उघडू नका.

आणि संवर्धकाकडे कार्ड न्यायचं असेल तर ते भर पावसात लोकलच्या गर्दीत, पिशवीत सुटं घालून नेऊ नका. दोन कडक पुठ्ठ्यांच्या मध्ये, खिशासकट, झिपच्या पिशवीत आणि मग डब्यात घाला. घाई नसेल तर नवरात्र उलटून जाऊ द्या. तोवर हवा कोरडी पडते आणि कार्ड डब्यात सुखरूप असतं.